खरी शाळा

आउग्सबुर्ग, जर्मनी
९ फेब्रुवारी २०२५

ती. अप्पांना सिद्धेश्वरीचा नमस्कार,

आधी रागवून घ्या, मग पुढं वाचा. संक्रांतीनंतर तुमची दोन पत्रं आली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. फोन करावा तर तुम्ही "हॅलो, कोण बोलतंय, हॅलो" करत फोन अव्वाच्या हातात देता. जन्मभर कानाजवळ शिट्टी वाजवल्यावर दुसरं काय होणार! तेव्हा पत्रच बरं. हे लिहून झालं की त्याचा फोटो मल्लिनाथच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवते, तुमची पत्रं तो मला पाठवतो तसाच. त्याला म्हणावं, मोठ्या अक्षरात छापून दे आणि स्वतः वाचू नकोस. वाचणारच तो, पण म्हणावं.

आमच्या घरात सध्या एकच विषय आहे, ओवीची शाळा. ओवी चौथीत आहे. आपल्याकडे मूल चौथीतून पाचवीत गेलं तर शेजारणीलासुद्धा कळत नाही. इथं आमच्या राज्यात चौथीच्या शेवटी पोरांच्या वाटाच वेगळ्या करतात. तीन प्रकारच्या शाळा. पहिली जिमनॅशियम, ती तेरावीपर्यंत आणि तिथून थेट विद्यापीठ. दुसरी रेआलशूले, ती दहावीपर्यंत. तिसरी मिटेलशूले, तिथून बरीच मुलं एखादं काम शिकायला लागतात. कुणी कुठं जायचं ते जर्मन, गणित आणि परिसर या तीन विषयांवर ठरतं. मे महिना लागला की पत्रक हातात. दहा वर्षांच्या पोरांना हे, अप्पा! अजून ओवीचे दुधाचे दात पडतायत.

इथल्या आपल्या लोकांची मुलं झाडून सगळी जिमनॅशियमला आहेत. कुणाच्या घरी जेवायला गेलं की भाजी वाढायच्या आधी विचारतात, "ओवीचं काय?" ओवीला जिमनॅशियम मिळालंच पाहिजे. गणित बरं आहे तिचं. जर्मन कच्चं आहे. बाई म्हणाल्या, वर्गात बोलत नाही, वाक्यं तोकडी लिहिते. म्हणून दिवाळीपासून आम्ही घरात मराठी बंद केलंय. मी, अवधूत, ओवी, सगळे जर्मनच बोलतो. माझं जर्मन काय लायकीचं आहे ते मलाच माहीत, पण रेटते. माझ्या पत्राखाली ती मराठीत चार ओळी लिहायची, त्या हल्ली तुम्हाला येत नाहीत त्याचं कारण हे. ती तुम्हाला विसरलेली नाही. मेपर्यंत कळ काढा.

अव्वाचा गुडघा कसा आहे?

तुमची
सिद्धेश्वरी


शुक्रवार पेठ, सोलापूर
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सिद्धव्वा, भरभरून आशीर्वाद.

पत्र पोचलं. मल्लिनाथनं अक्षरं एवढी मोठी छापली की वाचता वाचता पानांचा गठ्ठा झाला. वाचलं नाही म्हणतो, आणि वर मलाच विचारतो, "सर, जिमनॅशियमचं जमंल का?"

आता मला एक सांग, एवढी मोठी बातमी तू इतकी वर्षं पोटात ठेवलीस कशी? जिमनॅशियम पहिल्या नंबरची शाळा! जिमनॅशियममधनं थेट विद्यापीठ! अगं, मी हायस्कुलात जन्म घालवला पी.टी. घेत. स्टाफरूममध्ये माझी काय किंमत होती ते तू बघितलंयस. परीक्षा जवळ आली की माझा तास गणिताला. पाऊस आला की इंग्रजीला. बिरुदेव मास्तर तर सरळ मैदानात येऊन म्हणायचे, "महादेवप्पा, पोरं द्या हिकडं, उड्या मारून पोट भरत न्हाय." आणि तिकडं जर्मनीत बघ! हुशार पोरं निवडून काढायची आणि व्यायामशाळेत घालायची! उगीच का त्यांना ऑलिंपिकमध्ये एवढी पदकं मिळतात?

पेन्शनर शिक्षकांची बैठक होती. मी उभा राहिलो आणि सांगितलं की बाबांनो, जर्मनीत व्यायामाचा विषय पहिला आणि बाकीचे सगळे मागनं. बिरुदेव मास्तर चहाचा कप हातात धरून बसले होते, तो तसाच राहिला. लई बरं वाटलं बघ. एवढं बरं निरोप समारंभातसुद्धा वाटलं नव्हतं.

ओवीची तयारी आता माझ्याकडं. सकाळी सूर्यनमस्कार, सुरुवातीला थोडे, मग वाढवायचे. दोरीवरच्या उड्या. मल्लखांब तिथं मिळायचा नाही, पण घराजवळ झाड असेल की. जर्मन कच्चं असलं तर असू दे, दंड पक्के पाहिजेत. श्वास नाकानं घ्यायचा, हे तिला माझं नाव घेऊन सांग.

मराठी बंद केल्याचं वाचून दाखवलं तेव्हा तुझी अव्वा भाकरी थापत होती. हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "मग पोरगी सपनात कुणाशी काय बोलत असंल?" मी म्हटलं, मेपर्यंतच की. गुडघा आहे तसाच आहे.

तुझा
अप्पा


आउग्सबुर्ग
२३ मार्च २०२५

ती. अप्पांना नमस्कार,

तुमचं पत्र वाचून अवधूत पोट धरून हसला. का ते मी नंतर सांगेन. अव्वा फोनवर म्हणाली की त्या बैठकीहून आल्यावर तुम्ही दोन दिवस गुणगुणत होतात. मग म्हटलं, आत्ता नको.

व्यायाम ओवीला दाखवलेत. सूर्यनमस्कार घालते ती, तेवढा वेळ बरी असते. बाकी वेळ... काय सांगू? सकाळी उठली की पोट दुखतं. डॉक्टर म्हणतात, काही नाही. शाळेतून आली की मी विचारते, आज काय झालं? ती म्हणते, "निश्ट्स." म्हणजे काही नाही. दिवसभर मला तेवढा एकच शब्द मिळतो.

इथं शंभरापैकी मार्क नसतात. एक, दोन, तीन असे सहापर्यंत आकडे असतात आणि एक सगळ्यात चांगला. जिमनॅशियमसाठी दोन विषयांत दोन आणि एकात तीन, एवढं तरी लागतंच. आत्ता ओवी अगदी काठावर आहे. रोज संध्याकाळी आम्ही निबंध लिहितो. परवा मी तिला काहीतरी समजावत होते आणि माझं जर्मन चुकलं. तिनं हळूच सुधारलं. मी एकदम तिच्यावर ओरडले. अप्पा, ओरडतानाही चुकले. तिला हसू आलं होतं, ते तिनं आत ओढून घेतलं. ते मला दिसलं आणि त्याचंच फार वाईट वाटलं.

असो. थोडेच दिवस राहिलेत.

तुमची
सिद्धेश्वरी


शुक्रवार पेठ, सोलापूर
२९ मार्च २०२५

चि. सिद्धव्वा,

आशीर्वाद. अवधूतराव कशाला हसले ते कळलं नाही. जावयाला हसू आलं तर आनंदच आहे, पण कारण कळलं असतं तर आम्हीही हसलो असतो.

पोरीच्या पोटासाठी ओवा आणि सैंधव दे. आणि संध्याकाळी निबंध लिहून झाला की तिला बाहेर पळायला सोड. निबंध लिहायच्या आधी सोडलीस तर आणखी बरं.

तिच्या चार ओळींची वाट बघत नाही असं म्हणणार होतो. बघतो. चार नसल्या तर दोन चालतील. दोन नसल्या तर नुसतं नाव लिहून पाठव म्हणावं. मराठीत लिहिलेलं.

तुझा
अप्पा


आउग्सबुर्ग
३ मे २०२५

अप्पा,

काल पत्रक आलं. जर्मन तीन, गणित तीन, परिसर दोन. जिमनॅशियम मिळालं नाही. रेआलशूले असं लिहिलंय.

जास्त लिहवत नाही. ओवी तिच्या खोलीत आहे.

सिद्धेश्वरी


शुक्रवार पेठ, सोलापूर
४ मे २०२५

अगं वेडे,

तोंड पाडून काय बसलीस! तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मलाही वाईट वाटलं, कशाला खोटं बोलू? माझ्या नातीला व्यायामशाळा मिळाली नाही आणि ती नात कुणाची तर पी.टी. मास्तराची. मल्लिनाथच्या दुकानातच बाकावर बसलो. तो म्हणाला, "सर, थांबा, दुसरीचं नाव तरी बघा." त्यानं मोबाईलवर बघून अर्थ लावून दिला. रेआल म्हणजे रिअल, शूले म्हणजे स्कूल. खरी शाळा! अगं, मिळाली ती खरी शाळा आहे की!

खरं सांगू? मी जन्मभर शिट्टी वाजवली ती काय माझ्या लेकराबाळांनी शिट्टीच वाजवावी म्हणून? तू वर्गात बसावंस, खरं शिकावंस म्हणूनच वाजवली ना? मग नात खऱ्या शाळेत चालली आणि तू रडतेस? व्यायाम काय, घरी होतो.

आणि नंबर बघ पोरीचे! जर्मन भाषेत, तिथल्या गोऱ्या पोरांत, तिसरा नंबर. गणितात तिसरा. परिसरात दुसरा! तू स्वतः कधी गणितात तिसरी आली होतीस? सातवीचं आठव.

मी तडक जाऊन पेढे आणले. गल्लीत वाटले, पलीकडच्या बोळात वाटले, मल्लिनाथला दोन दिले. बिरुदेव मास्तरांच्या घरी स्वतः गेलो. म्हटलं, घ्या, व्यायामशाळा तुमच्याकडंच राहू द्या, आमची पोरगी खऱ्या शाळेत चालली. त्यांनी पेढा घेतला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तुझ्या अव्वानं नातीच्या नावानं सिद्धरामेश्वराला नारळ वाढवला.

ओवीला खालचं वाचून दाखव. मराठीतच. मे लागलाय आता.

"ओवीबाई, तुमचा अज्जा आज छाती काढून गल्लीतनं चालला. लोक विचारत होते, काय सर, आज काय विशेष? मी म्हटलं, माझी नात खऱ्या शाळेत चालली. शाब्बास."

तुझा
अप्पा


आउग्सबुर्ग
१८ मे २०२५

ती. अप्पा,

पंधरा दिवस मी गप्प बसले. आता सांगते, रागावू नका.

जिमनॅशियम म्हणजे व्यायामशाळा नव्हे. नुसतं नाव तसं आहे. तिथं लॅटिन शिकवतात, भौतिकशास्त्र शिकवतात, जाड जाड पुस्तकं असतात. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांची ती शाळा. अवधूत हसला होता तो यालाच. रेआलशूले म्हणजे खरी शाळा नव्हे. ती मधली शाळा. आणि तीन म्हणजे तिसरा नंबर नव्हे, अप्पा. तीन म्हणजे बरं, चालण्यासारखं. वर्गातल्या निम्म्या मुलांना तीन असतो.

तुम्ही पेढे वाटलेत.

हे मी आधीच सांगायला हवं होतं. पण तुम्ही इतके खूश होतात, आणि मला त्या दिवसांत कुणी खूश झालेलं दिसतच नव्हतं.

आता पुढचं. पत्रकावर पटलं नाही तर इथं एक सोय आहे. जिमनॅशियममध्ये जाऊन तीन दिवस चाचणी द्यायची, जर्मन आणि गणित. मी ओवीचं नाव घातलं. अवधूत नको म्हणत होता. तो म्हणतो, रेआलशूलेत दहावी झाली की पुढं दोन-तीन वर्षांची आणखी शाळा असते, तिथून विद्यापीठाला जाता येतं, कितीतरी मुलं जातात. मला पटलं नाही. चाचणीच्या दुसऱ्या दिवशी ओवी मधल्या सुट्टीनंतर वर्गात गेलीच नाही, मुलींच्या स्वच्छतागृहात बसून राहिली. बाईंनी समजूत घालून नेलं. गणिताच्या पेपरात अर्धं पान कोरं ठेवून आली. घरी ती गणितं तिनं मला तोंडी सोडवून दाखवली असती.

निकाल आलाय. दोन्हीत चार. चार म्हणजे जेमतेम. आणि नियम असा आहे की दोन्हीत चार असले तर शाळा ठरवत नाही, आईवडील ठरवतात. आम्ही हो म्हटलं तर ओवी जिमनॅशियमला जाईल. अवधूतनं माझ्यावर सोडलंय. बुधवारपर्यंत सांगायचं आहे.

अप्पा, मी सोलापूर सोडून इतक्या लांब आले ती लेक दुसऱ्या रांगेत बसावी म्हणून का? माझी हो म्हणायची इच्छा आहे. पण ओवी माझ्याशी बोलत नाही. तुमचं ते पेढ्यांचं पत्र मी छापून घेतलं होतं, पण तिला वाचून दाखवलं नव्हतं. तिनंच माझ्या टेबलावरून उचललं, अक्षर लावत लावत वाचलं आणि उशाखाली ठेवलं. तुमचं ती ऐकेल. तुम्ही तिला लिहा, अज्जाला वाटतं तू जिमनॅशियमला जावंस. एवढी एक ओळ लिहा. माझ्यासाठी.

तुमची
सिद्धेश्वरी


शुक्रवार पेठ, सोलापूर
१९ मे २०२५

चि. सिद्धव्वा,

मल्लिनाथनं पत्र हातात दिलं तेव्हा माझ्याकडं बघितलं नाही, तेव्हाच ओळखलं.

पहिलं माझं. काल संध्याकाळी बिरुदेव मास्तरांकडं गेलो आणि सगळं सांगून टाकलं. व्यायामशाळा, खरी शाळा, तिसरा नंबर. म्हटलं, हसा आता पोटभर. ते हसले नाहीत. म्हणाले, "सर, पेढा गोड व्हता की." मग आम्ही दोघं बराच वेळ हसलो. तेव्हा माझी काळजी करू नकोस. गल्लीतले दोन दिवस चिडवतील, मग दुसरं कुणीतरी सापडेल त्यांना.

तुझी ओळ मी लिहिणार नाही.

तू पहिल्यांदाच काही मागितलंस आणि मी नाही म्हणतोय, माझंही मन होत नाही. पण ऐक. मी हजारो पोरं पळवली असतील. शिट्टी वाजवली की दहा वर्षांची पोरं सुसाट सुटायची. त्यातलं कोण पुढं मोठेपणी जोरात पळणार, हे मला एकदाही सांगता आलं नाही. जी मागं राहायची त्यातली काही नुसती घाबरलेली असायची. पळता येत नव्हतं म्हणून नाही, आई मैदानाच्या कडेला उभी आहे म्हणून. त्या आयांना मी चहाला पाठवायचो. खरंच पाठवायचो.

आणि अवधूतराव म्हणतात तशी दहावीनंतर पुन्हा वाट असेल तर एवढं काय बिघडलं? कुर्डुवाडीला गाडी बदलून गेलेला माणूस पोचतोच की पुण्याला. थोडा उशिरा, पण पोचतो, आणि वाटेत चहा पितो.

तू सोलापूर सोडून लांब गेलीस. ओवी कुठं गेली? ती तिथंच जन्मली. तुझ्या प्रवासाचं गाठोडं तिच्या डोक्यावर का देतेस? हे मी रागानं लिहीत नाही. तुझ्या अव्वानं पत्र ऐकलं आणि म्हणाली, "होगली बिडु म्हणावं तिला. सोड म्हणावं. लेकरू वाळलं असंल." आणि आत जाऊन डोळे पुसून आली.

तिला मी सांगणार नाही. पण विचारणार आहे. खालची चिठ्ठी अवधूतरावांच्या फोनवर वेगळी पाठवतोय, तुझ्यापासून लपवत नाही.

"ओवी बाळा, अज्जा चुकला. खरी शाळा असं काही त्या नावात नाही, आईनं काल समजावून सांगितलं. शाब्बास म्हटलं होतं, ते मात्र परत घेत नाही. आता तू सांग. दोन शाळा समोर आहेत. तुला कुठली पाहिजे? आणि आणखी काय पाहिजे? जसं सुचेल तसं लिही."

तुझा
अप्पा


शुक्रवार पेठ, सोलापूर
२० मे २०२५

सिद्धव्वा,

ओवीचं उत्तर आलं. तिला परत विचारून घेतलं, आईला दाखवू का? ती हो म्हणाली. मी माझं काही लिहीत नाही. तेच पाठवतोय.

अप्पा

*

प्रिय अज्जा,

मी मराठीत लिहिते. चूक असली तर लाल पेन नको.

तुम्ही मला विचारलं कुठली शाळा पाहिजे. मला आधी कोणी विचारलं नव्हतं. म्हणून मी खूप विचार केला, दात घासताना पण केला.

मला माहीत होतं की रेआलशूले म्हणजे खरी शाळा नाही. आमच्या बाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं. पण तुम्ही पेढे वाटले. माझ्यासाठी कोणी पेढे वाटले नव्हते कधी. म्हणून मी ते पत्र घेतलं आणि कोणाला सांगितलं नाही की चूक आहे.

मला रेआलशूलेला जायचं आहे. योहाना पण तिथे जाते. तिथे लाकडाचं काम शिकवतात. परीक्षेत मला गणित येत होतं. पण माझं पोट दुखत होतं आणि मला वाटत होतं की आई बाहेर उभी आहे. मी खिडकीतून बघितलं. ती खरंच उभी होती.

आई म्हणते तू हुशार आहेस, म्हणून जिमनॅशियम. पण मी हुशार आहे तर मी सांगते ते पण हुशार असेल ना?

तुम्ही लिहिलं आणखी काय पाहिजे. ते शाळेचं नाही. लिहू का?

आई आता जर्मन बोलते. जर्मनमध्ये आई वेगळी बाई आहे. ती म्हणते हात धू, जेव, गृहपाठ कर. तेवढंच, कारण तिला बाकीचे शब्द येत नाहीत. मराठीत ती मला चिमणे म्हणायची, आणि राग आला की भवानीमाता म्हणायची, आणि अव्वा लहान असतानाची गोष्ट सांगायची. आता ती मला फक्त ओवी म्हणते.

मला वाटलं, मला दोन मिळाला की मराठी परत सुरू होईल. पण मला तीन मिळाला. मग चार मिळाला. म्हणजे आता कधीच नाही का? तुम्ही आईला विचाराल का?

तुमची
ओवी


आउग्सबुर्ग
२२ मे २०२५

ती. अप्पा,

परवा फोनवर तुमचं पत्र उघडलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. ओवीचं पत्र वाचलं. परत वाचलं. "तिला बाकीचे शब्द येत नाहीत" इथं आले आणि शेगडी बंद केली. माझी लेक दिवाळीपासून माझी वाट बघत होती, अप्पा. मार्क आणले की आई परत मिळेल, असं धरून बसली होती. आणि मी तिला वाक्यं लांब लिही म्हणून दटावत होते.

तशीच तिच्या खोलीत गेले. इतके महिने तिच्याशी बोलले नव्हते त्या भाषेत, मला लाजच वाटायला लागली. ती खाटेवर बसली होती, माझ्याकडे बघत. शेवटी तोंडातून निघालं ते काय, तर "चिमणे, भूक लागली का गं?" दुसरं काही सुचलंच नाही. ती म्हणाली, "नाही." मग म्हणाली, "पण तू विचार की अजून."

काल रेआलशूलेत जाऊन तिचं नाव घातलं. ऑफिसातल्या बाईंनी कागद पुढं केले. एका ठिकाणी माझं अडलं, ओवीला विचारलं, तिनं सांगितलं, आम्ही दोघी वाद घालायला लागलो की कुठं सही करायची. त्या बाई बघत राहिल्या. त्यांनी ओवीला विचारलं, ही कुठली भाषा? ओवी म्हणाली, "मराठी. माझी आई यात खूप मजेशीर आहे." अप्पा, तिनं ते अशा अभिमानानं सांगितलं की मला सही करताना अक्षर दिसेना.

येताना ट्राममध्ये ती म्हणाली, "आता गोष्ट." मी सुरू केली. अव्वा लहानपणी कुंभारीला विहिरीत पडली होती ती. तिनं मला मध्येच थांबवलं, प्रश्न विचारले, विहीर किती खोल, दोर कुणी टाकला, अव्वा रडली का. तिचे शब्द अडत होते, मी देत होते. माझेही दोन-तीन अडले. आजूबाजूचे लोक वळून बघत होते, बघू देत. आम्ही दोघी इतक्या बोलत होतो की घराजवळचा थांबा मागं गेला, त्याच्या पुढचाही गेला, आणि ट्राम शेवटच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली तेव्हा कुठं कळलं. चालकानं येऊन सांगितलं, उतरा. तिथून आम्ही चालत आलो, सगळी वाट बोलत.

तुमची
सिद्धेश्वरी